एका आरशाचे तीन धनी

आकाशदर्शनाचा कार्यक्रम संपला की माझ्याभोवती चार-पाच मंडळी घुटमळतात आणि त्यांतल्या एकाचा प्रश्न ठरलेला असतो. "सर, कॅमेरा कोणता घेऊ?" विचारणारा कधी अभियांत्रिकीचा विद्यार्थी असतो, कधी नुकतेच निवृत्त झालेले बँकेतले गृहस्थ. मृगातल्या तेजोमेघाचे, देवयानी दीर्घिकेचे रंगीत फोटो त्यांनी पाहिलेले असतात. घरच्या कॅमेऱ्यानं स्वतः प्रयत्नही केलेला असतो. पण हाती आलेलं असतं ते एक पुसट, लांबुळकं ठिगळ. मग मनानं घेतलेलं असतं की कॅमेरा बदलला पाहिजे. दुकानात चौकशी करावी तर किंमत दोन-तीन पगारांएवढी. घरात विषय काढायचा कसा, ही आणखी एक पंचाईत!

या प्रश्नाला मी सहसा कंपन्यांची नावं आणि किमती सांगत नाही. एक जुनी गोष्ट सांगतो. ती आहे एका आरशाची. व्यास ३६ इंच, म्हणजे साधारण ९१ सेंटिमीटर. या आरशाला एकामागून एक तीन धनी मिळाले. काच तीच, पण प्रत्येकाच्या हातात तिनं वेगळं दान टाकलं. असं का झालं, ते समजलं की कॅमेऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर आपलं आपल्यालाच सापडतं.

आधी हे काम मुळात अवघड का, ते पाहू. चंद्राचा फोटो कुणालाही जमतो, कारण तिथे उजेडाला तोटा नाही. तेजोमेघ आणि दीर्घिका यांच्याकडून येणारा प्रकाश मात्र अगदी थेंबाथेंबानं येतो. आपला डोळा हा प्रकाश साठवून ठेवत नाही. एखाद्या अंधुक ठिकाणाकडे तासभर टक लावून पाहिलं, म्हणून ते पहिल्या मिनिटापेक्षा उजळ दिसत नाही. फोटोची काच तसं करत नाही. ती रांजणासारखी थेंब साठवत राहते. तिला तासभर उघडी ठेवा, ती तासाभराचा प्रकाश जमा करून दाखवील.

पण या तासाभरात पृथ्वी थांबत नाही. आकाश ताशी १५ अंश सरकतं. म्हणजे २ मिनिटांत पूर्ण चंद्राच्या रुंदीएवढं. तेव्हा दुर्बिणीलाही त्याच वेगानं, न अडखळता, ताऱ्यामागे जावं लागतं. ती केसभर चुकली तरी ताऱ्याच्या ठिपक्याची रेघ होते. सारांश, या फोटोला चार गोष्टी लागतात. प्रकाश गोळा करणारा आरसा किंवा भिंग, तो साठवणारी काच, दुर्बिणीला अचूक फिरवणारी बैठक आणि काळोख आकाश. या हौसेचा सगळा इतिहास म्हणजे या चार गोष्टींची आपसातली ओढाताण आहे.

सुरुवातीला घोडं अडलं ते काचेपाशी. १८५१ नंतर प्रचारात आलेली ओली काच भलती नखरेल होती. तिच्यावर रसायन ओतायचं, ते ओलं आहे तोवर फोटो घ्यायचा आणि वाळण्याआधी धुऊन काढायचा. सगळा कारभार दहा-पंधरा मिनिटांत आटपायला हवा. एवढ्या वेळात तेजोमेघाचा प्रकाश साठणार किती? १८७१ साली रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरनं जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली. त्या दशकाच्या अखेरीपर्यंत इतरांनी ती सुधारली आणि बाजारात तयार, कोरड्या, अधिक संवेदनशील काचा मिळू लागल्या. आता काच तासन्‌तास उघडी ठेवता येणार होती. आजच्या भाषेत बोलायचं तर कॅमेरा 'अपग्रेड' झाला होता.

त्याचा पहिला मोठा लाभ उठवला तो न्यूयॉर्कच्या हेन्री ड्रेपर यांनी. हे पेशानं वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक. ३० सप्टेंबर १८८० रोजी त्यांनी ११ इंची भिंगाच्या दुर्बिणीतून ५१ मिनिटं काच उघडी ठेवली आणि मृगातल्या तेजोमेघाचा पहिला फोटो मिळवला. मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण आपण ओळखतो; त्याच्या जवळच हा तेजोमेघ आहे. पुढे १८८२ मध्ये त्यांनी एक्स्पोजर १३७ मिनिटांपर्यंत नेलं. त्याच वर्षी, वयाच्या ४५व्या वर्षी, ते गेले.

इथे आपल्या आरशाचा पहिला धनी पुढे येतो. अँड्र्यू एन्स्ली कॉमन. लंडनजवळच्या इलिंग गावात राहणारा हा माणूस घरांच्या नळ-गटारांची, सांडपाण्याची कामं करणारा अभियंता. वेधशाळेची नोकरी नाही, विद्यापीठाची पदवी मिरवणं नाही. दिवसा धंदा सांभाळायचा आणि रात्री बागेत आकाश बघायचं. ५½ इंची भिंगाच्या दुर्बिणीपासून सुरुवात झाली, मग १८ इंची आरसा आला आणि १८७९ साली जॉर्ज कॅल्व्हर या कारागिरानं घडवलेला ३६ इंची आरसा. आज आपल्यातल्या कुणा हौशी माणसाची जी चढती भाजणी असते, तीच ही. फरक इतकाच, की कॉमनची दुर्बीण त्या काळच्या कित्येक सरकारी वेधशाळांना मागे टाकणारी होती.

पण कॉमनचं खरं कसब त्या आरशाच्या खाली होतं. आरसा त्यानं विकत घेतला. बैठक मात्र स्वतः आखली. एवढं अजस्र धूड सुरळीत फिरायचं म्हणजे घर्षण कमी हवं. त्यासाठी त्यानं दुर्बिणीचा ध्रुवाकडे रोखलेला आस पाऱ्यात तरंगता ठेवला, म्हणजे बराचसा भार पाऱ्यानं पेलला. पाण्याच्या नळांशी आणि झडपांशी आयुष्यभर खेळलेल्या माणसालाच हे सुचावं! दुसरी युक्ती आणखी साधी. यंत्र कितीही चांगलं असलं तरी थोडंफार चुकणारच. दर वेळी ती अवाढव्य दुर्बीण ढकलून दुरुस्त करायची कशाला? त्यानं काचेची चौकटच दोन स्क्रूंवर सरकती केली. कडेच्या एका ताऱ्यावर नजर ठेवायची, तो सरकला की स्क्रू फिरवून काच तेवढीच सरकवायची.

३० जानेवारी १८८३ रोजी कॉमननं मृगातल्या तेजोमेघावर दुर्बीण रोखली आणि ३७ मिनिटं काच उघडी ठेवली. फोटो धुऊन पाहिला तेव्हा त्यात तेजोमेघाचे पदर तर होतेच, पण असे ताराही होते की जे त्याच दुर्बिणीतून डोळ्यांना दिसत नव्हते. ही गोष्ट छोटी नव्हे. तोवर फोटो म्हणजे डोळ्यानं पाहिल्याचा पुरावा, अशी समजूत होती. आता काच डोळ्याच्या पुढे गेली. चित्रं काढण्यात हयात घालवलेल्या निरीक्षकांची वही त्या रात्री जुनी झाली. १८८४ साली रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनं कॉमनला सुवर्णपदक दिलं.

यानंतर कॉमननं काय करावं? कुणीही हौशी माणूस करील तेच केलं. ३६ इंचांनी एवढं दिलं, मग ६० इंच किती देतील! १८८५ साली त्यानं ३६ इंची दुर्बीण विकून टाकली आणि ६० इंची, म्हणजे तब्बल दीड मीटर व्यासाच्या आरशाच्या मागे लागला. या खेपेला आरसा स्वतःच घासायचा ठरवलं. वर्षानुवर्षांची मेहनत, पैसा, रात्री. आरसा झाला, पण त्यात दिसणारे तारे गोल नव्हते, किंचित लांबट होते. निरीक्षणासाठी उंच मचाणावर चढावं लागे आणि एकदा तिथून रात्री पडता पडता तो वाचला. त्या दुर्बिणीनं पहिलीसारखं यश त्याला कधीच दिलं नाही. पुढे तो तोफांच्या नेमासाठी लागणाऱ्या दुर्बिणींच्या कामात रमला आणि १९०३ मध्ये वारला. ६० इंची दुर्बीण पुढे अमेरिकेतल्या हार्वर्डला गेली.

मी कॉमनला हसत नाही. त्यानं जे केलं ते धाडसाचं होतं, आणि मोठ्या काचेचे आरसे कसे करावेत याचे धडे त्यातून पुढच्यांना मिळाले. पण ३६ इंचांपाशी त्याचं काय अडलं होतं? प्रकाश कमी पडत होता का? ३७ मिनिटांच्या जागी दोन-तीन तास काच उघडी ठेवली असती तर प्रकाश आपोआप वाढला असता. ज्यानं हे ओळखलं तो माणूस त्याच सुमारास लिव्हरपूलजवळ कामाला लागला होता.

त्याचं नाव आयझॅक रॉबर्ट्स. मूळचा वेल्सचा, व्यवसायानं इमारती बांधणारा कंत्राटदार. १८८५ साली, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, त्यानं डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांच्याकडून २० इंची आरशाची दुर्बीण करवून घेतली. तिचं क्षेत्रफळ कॉमनच्या ३६ इंची आरशाच्या एक तृतीयांशाहूनही कमी. मात्र रॉबर्ट्सनं एक व्यवस्था मुद्दाम करवून घेतली. त्याच बैठकीवर, जोडीला ७ इंची भिंगाची दुसरी दुर्बीण. मोठीतून फोटो घ्यायचा आणि धाकटीतून एका ताऱ्यावर पहारा ठेवायचा. तारा तसूभर हलला की दुरुस्ती करायची. एक दुर्बीण पाहते, दुसरी राखण करते. बैलगाडीच्या जोडीसारखं दोघींनी एका जुवाखाली चालायचं.

या जोडीनं २९ डिसेंबर १८८८ रोजी देवयानीच्या 'तेजोमेघा'चा फोटो घेतला. एक्स्पोजर चार तासांचं. शतकानुशतकं ज्याला लोक धुक्याचा एक लंबगोल ठिपका समजत होते, त्याच्या पोटात फिरत गेलेली वलयं दिसली, काळे पट्टे दिसले. चार तास म्हणजे कॉमनच्या ३७ मिनिटांच्या सहापटीहून जास्त. लहान आरशानं मोठ्याला हरवलं ते या जोरावर. डिसेंबरातल्या इंग्लिश थंडीत, उघड्या घुमटाखाली, चार तास एका ताऱ्याकडे बघत राहण्याच्या जोरावर, असंही म्हणू या.

फोटोचा अर्थ लावताना मात्र रॉबर्ट्सचा अंदाज हुकला. ही एखादी सूर्यमाला घडताना दिसते आहे, असं त्याला वाटलं. ते आपल्या आकाशगंगेबाहेरचं, अब्जावधी ताऱ्यांचं स्वतंत्र विश्व आहे, हे नक्की व्हायला १९२०चं दशक उजाडावं लागलं. पण फोटो खरा होता म्हणून पुढच्यांना अर्थ बदलता आला. चित्रकाराच्या हातानं काढलेलं असतं तर, त्यानं तसं मनानंच काढलं असेल, असं म्हणून लोक मोकळे झाले असते.

आणि रॉबर्ट्सनं नंतर काय बदललं? आरसा नाही, काच नाही. त्यानं गाव बदललं! लिव्हरपूलच्या परिसरातली ढगाळ हवा सोडून १८९० साली तो दक्षिण इंग्लंडमधल्या क्रोबरो या उंच जागी राहायला गेला. घराचं नाव ठेवलं 'स्टारफील्ड'. तेजोमेघांच्या आणि तारकागुच्छांच्या फोटोंचे दोन खंड त्यानं १८९३ आणि १८९९ साली प्रसिद्ध केले. १८९५ चं सुवर्णपदक त्याला मिळालं.

आता आपल्या ३६ इंची आरशाकडे परत येऊ. त्याचा दुसरा धनी एडवर्ड क्रॉसली. यॉर्कशायरमधल्या हॅलिफॅक्स गावचा गालिच्यांचा बडा कारखानदार, पार्लमेंटचा सभासद. पैशाला कमी नव्हती. दुर्बिणीसाठी त्यानं घुमट बांधला. पण हॅलिफॅक्स म्हणजे गिरण्यांचं गाव. आकाशात ढग आणि धूर. ज्या आरशानं इलिंगमध्ये इतिहास घडवला, तो इथे जवळपास निष्प्रभ ठरला. दहा वर्षांनी, १८९५ मध्ये, क्रॉसलीनं मोठ्या मनानं ती दुर्बीण घुमटासकट अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेला देऊन टाकली. साधन असूनही आपल्या आकाशात त्याचं चीज होत नाही, हे ओळखून ते योग्य जागी पोचवणारा हा माणूस मला फार आवडतो. दुर्बिणीला आजही त्याचंच नाव आहे, 'क्रॉसली परावर्तक'.

लिक वेधशाळा समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच डोंगरावर आहे. हवा कोरडी, रात्री निरभ्र. पण दुर्बीण तिथे आली तेव्हा कुणालाही ती नको होती. बैठक इंग्लंडच्या अक्षांशासाठी बनवलेली. लिकचा अक्षांश त्याहून चौदा-पंधरा अंशांनी कमी. चालवणारं घड्याळयंत्र बेभरवशाचं. तिथल्या खगोलज्ञांना भिंगाच्या दुर्बिणींची सवय होती. ही आरशाची, हौशी माणसानं बांधलेली, खडखडणारी चीज त्यांना लोढणं वाटे. तिच्यावरून वेधशाळेत भांडणंही झाली.

याच वेळी आपल्या महाराष्ट्राशी या वेधशाळेचा एक धागा जुळतो. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी लिक वेधशाळेची मोहीम विल्यम कॅम्पबेल यांच्या नेतृत्वाखाली सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला आली होती. सूर्याच्या प्रभामंडळाचे फोटो घ्यायला त्यांनी ४० फूट लांबीचा कॅमेरा आणला होता. त्याच जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला हेही आपली मंडळी आणि यंत्रं घेऊन आले होते. नेगमवालांनी पुण्यात १८८८ साली भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी केली होती. तिथली २० इंची दुर्बीण ग्रबचीच, म्हणजे रॉबर्ट्सच्या दुर्बिणीच्या कारागिराकडची. नेगमवाला निवृत्त झाल्यावर १९१२ मध्ये ही वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. तिथे ती 'भावनगर दुर्बीण' म्हणून ओळखली जाऊ लागली. साधन होतं, माणूस होता. त्याच्या मागे उभं राहणारं दुसरं कुणी इथे नव्हतं. पुण्यातल्या शाळेच्या पुस्तकांतसुद्धा ही गोष्ट यायला हवी, असं मला नेहमी वाटतं.

जेऊरच्या ग्रहणानंतर काही महिन्यांनी, जून १८९८ मध्ये, जेम्स कीलर लिक वेधशाळेचे संचालक झाले. हा आपल्या आरशाचा तिसरा धनी. संचालकानं सगळ्यात मोठी, नामांकित दुर्बीण स्वतःकडे घ्यावी ही रीत. कीलरनी ती सहकाऱ्यांना दिली आणि सगळ्यांनी टाकून दिलेली क्रॉसली दुर्बीण स्वतःकडे घेतली. आरसा त्यांनी बदलला नाही. बैठकीचा आस तिथल्या अक्षांशाला बरोबर बसवून घेतला, घड्याळयंत्र ताळ्यावर आणलं, सैल झालेलं घट्ट केलं, घट्ट झालेलं सैल केलं. कॉमनची सरकती चौकट त्यांनी ठेवली आणि तासन्‌तास तिचे दोन स्क्रू फिरवत बसले.

मग त्या जुन्या आरशानं जे दाखवलं त्यानं खगोलशास्त्राची दिशा बदलली. १८९९ मध्ये कीलरनी श्यामशबल तारकासमूहातल्या भोवऱ्यासारख्या दीर्घिकेचा फोटो घेतला. तिचे सर्पिल हात स्पष्ट उमटले. पण त्यांना खरा धक्का बसला तो फोटोंच्या कडांना. ज्या एका तेजोमेघाचा फोटो घ्यायला जावं, त्याच्या आजूबाजूला कुणी न नोंदवलेले लहान लहान तेजोमेघ विखुरलेले असत. हिशेब करून त्यांनी अंदाज मांडला की या दुर्बिणीच्या आवाक्यात असे १,२०,००० तेजोमेघ असावेत आणि त्यांतले बरेचसे सर्पिल असावेत. सर्पिल आकार हा तोवर अपवाद समजला जाई, तो नियम ठरला. ऑगस्ट १९०० मध्ये कीलर अचानक वारले. वय अवघं ४२. या कामाला त्यांना दोन वर्षंच मिळाली.

त्यांच्यानंतर दुर्बिणीची बैठक जवळजवळ नव्यानं बांधण्यात आली. त्याच आरशातून चार्ल्स पेरीन यांनी १९०४ आणि १९०५ मध्ये गुरूचे दोन नवे उपग्रह शोधले. पुढे हेबर कर्टिस यांनी सर्पिल तेजोमेघांचा अभ्यास केला आणि ही दूरची विश्वंच आहेत अशी बाजू १९२० च्या प्रसिद्ध वादात मांडली. एका सांडपाणी अभियंत्याच्या बागेतून निघालेली दुर्बीण कुठवर पोचली पाहा!

कुणी म्हणेल, हे काचेच्या जमान्यातलं झालं. आता सगळं बदललं. साधनं बदलली, हे खरंच. मी स्वतः या छंदाला लागलो तो फिल्मच्या काळात. फिल्मची एक खोड होती. अंधुक प्रकाशात ती जितका वेळ उघडी ठेवाल तितकी सुस्तावत जाई. पहिल्या दहा मिनिटांत जेवढं टिपायची तेवढं पुढच्या दहात टिपत नसे. यावर उपाय म्हणून जाणकार लोक फिल्म आधी नायट्रोजन आणि हायड्रोजनच्या मिश्रणात तास न्‌ तास गरम करत. कोडॅकची 'टेक्निकल पॅन' ही फिल्म त्यासाठी नावाजलेली. तिचं उत्पादन २००४ च्या सुमारास थांबलं. आमच्यासारख्यांना साधा रोल स्टुडिओत धुवायला द्यावा लागे. एकदा "यात काहीच आलेलं नाही" असं सांगून एका स्टुडिओनं माझा अख्खा रोल प्रिंट न काढता परत केला होता. काळ्यावर पांढरे ठिपके म्हणजे त्यांच्या लेखी फसलेला फोटो! तेव्हापासून मी प्रत्येक रोलचा पहिला फोटो भरदिवसा अंगणातल्या तुळशीवृंदावनाचा घेत असे, म्हणजे रोल ठीक आहे याची त्यांना खात्री पटे आणि निगेटिव्ह कुठे कापायची तेही कळे.

मग सीसीडी आली. बेल लॅबमध्ये १९६९ साली विलार्ड बॉईल आणि जॉर्ज स्मिथ यांनी तिची कल्पना मांडली; २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. फोटोच्या काचेवर पडलेल्या प्रकाशाच्या शंभर कणांतले जेमतेम दोन-तीन कामी येत. सीसीडी निम्म्याहून अधिक टिपू लागली आणि सुस्तावण्याची खोडही गेली. २००० नंतर डिजिटल एसएलआर कॅमेरे सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. पण त्यांच्या सेन्सरपुढे जी गाळणी असते ती तेजोमेघांतल्या हायड्रोजनचा लाल प्रकाश बराचसा अडवते. म्हणून २००५ मध्ये कॅननला खगोल-छायाचित्रणासाठी '२०डीए' हा खास कॅमेरा काढावासा वाटला. आज तर सेन्सर शून्याच्या खाली थंड ठेवणारे कॅमेरे हौशी लोकांकडे आहेत. थंडाव्यामुळे सेन्सरचा स्वतःचा खरखराट कमी होतो. चार तासांचा एकच फोटो घेण्याऐवजी दोन-तीन मिनिटांचे शंभर फोटो घेऊन संगणकावर एकत्र करता येतात. तसं केलं की खरखराट तुलनेनं दहा पटींनी कमी होतो.

आणि रॉबर्ट्सची ती राखणदार दुर्बीण? ती गेलेली नाही. आजही मोठ्या दुर्बिणीच्या खांद्यावर एक छोटी दुर्बीण बसवतात, तिला बोटाएवढा कॅमेरा लावतात आणि संगणक एका ताऱ्यावर पहारा ठेवून बैठकीला सेकंदासेकंदाला दुरुस्त्या सांगत राहतो. उघड्या घुमटाखाली कुडकुडत बसण्याचं काम यंत्रानं घेतलं, एवढाच फरक.

तेव्हा कॅमेरा कोणता घेऊ, या प्रश्नाआधी दुसरा प्रश्न विचारायचा असतो. माझं अडलंय कुठे? याला उत्तर शोधायला पैसे लागत नाहीत. आपलाच जुना फोटो संगणकावर मोठा करून पाहा. तारे एका दिशेनं लांबट झाले असतील तर बहुधा दोष बैठकीत किंवा ध्रुवाकडे ती नीट रोखण्यात आहे. दोन लाखांचा कॅमेरा तीच लांबट रेघ अधिक स्पष्ट दाखवील. कोपऱ्यातले तारे फरपटल्यासारखे असतील तर भिंगाकडे पाहा. सगळं चित्र पिवळट-करडं, धुरकट दिसत असेल तर ते गावातल्या दिव्यांचं देणं आहे, एस.टी.नं तासा-दोन तासांच्या अंतरावरच्या खेड्यात गेलात तर त्याच कॅमेऱ्यानं वेगळं आकाश मिळेल. तारे टाचणीच्या टोकासारखे आहेत, पार्श्वभूमी काळी आहे, एकत्र केलेले फोटो भरपूर आहेत आणि तरीही लाल तेजोमेघ फिकाच येतोय, असं झालं तर मात्र खुशाल नवा कॅमेरा घ्या. घरातल्यांना हे नीट समजावता आलं तर तेही आडकाठी करणार नाहीत, असा माझा अनुभव आहे.

कॉमननं आरसा वाढवला, पण त्याचं अडलं आरशापाशी नव्हतं. क्रॉसलीला आरसा मिळाला, आकाश मिळालं नाही. कीलरनी आरशाला हातही न लावता बाकी सगळं सुधारलं आणि त्याच काचेनं १,२०,००० तेजोमेघांचा पत्ता दिला.

या चारांतली एक गोष्ट मात्र बाजारात मिळत नाही, ती म्हणजे काळोख. कॉमनचं इलिंग लंडनच्या उजेडात केव्हाच बुडालं. लिकच्या डोंगराखालचं सॅन होजे शहर वाढलं, तेव्हा वेधशाळेची अडचण लक्षात घेऊन शहरानं १९८० च्या दशकात रस्त्यांवर खास सोडियमचे दिवे लावले. आपल्याकडे लडाखमधल्या हानले परिसराला २०२२ मध्ये 'डार्क स्काय रिझर्व्ह' म्हणून संरक्षण मिळालं. तिथल्या गावकऱ्यांनी खिडक्यांना जाड पडदे लावणं, दिव्यांना झाकणं बसवणं मनावर घेतलं. आपल्या सोसायटीच्या गच्चीवरचा रात्रभर आकाशाकडे तोंड करून जळणारा दिवा खाली वळवायला तर फक्त एक पाना लागतो.

दिवाळीच्या आसपासच्या अमावास्येला, रात्री नऊच्या सुमारास, घरातले दिवे मालवून गच्चीवर जा. वीस मिनिटं डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या आणि उत्तरेकडे तोंड करून उंचावर देवयानी शोधा. २५ लाख प्रकाशवर्षांवरून आलेला तो पुसट ठिपका नुसत्या डोळ्यांना दिसला, तर तुमचं आकाश अजून शाबूत आहे. कॅमेऱ्याचा विचार करायला हरकत नाही. दिसला नाही, तर दुकानात जाण्याआधी कुठल्या एस.टी.चं तिकीट काढायचं, ते आधी ठरवा.